गाईंची प्रतिकार-जनुके: मोनोक्लोनल प्रतिपिंड की डीएनए-वाचन?

गाईच्या २३व्या गुणसूत्रावरील ‘बोला’ (BoLA) हा रोगप्रतिकाराशी निगडित जनुकसमूह अभ्यासताना त्यातील डीआरबी३ जनुकाच्या दुसऱ्या एक्झॉनचा (जनुकाच्या प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्याचा) क्रम वाचला, तर एका अक्षराने वेगळी असलेली रूपेही ओळखता येतात. मोनोक्लोनल प्रतिपिंडाला (एकाच खुणेला ओळखणाऱ्या, एकसारख्या प्रतिपिंडाला) मात्र ती अनेकदा सारखीच भासतात, कारण तो या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावरील एका छोट्या खुणेलाच चिकटतो. त्यामुळे वंशावळीच्या कामासाठी मी डीएनए-वाचनच निवडेन. तथापि जनुक असणे आणि त्याचे प्रथिन पेशीवर प्रत्यक्ष दिसणे यांत अंतर आहे. ताज्या रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींवर चमकता रंग जोडलेला प्रतिपिंड सोडला, की ते प्रथिन कोणत्या पेशींवर आणि किती प्रमाणात आहे, हे फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) दिसते. गोठवलेल्या डीएनएच्या नमुन्यातून ते कळत नाही.