चुकलेल्या तासाचे पैसे: मनोविश्लेषणाचे ८ महिने

मनोविश्लेषण, म्हणजे बोलत बोलत मनात दडलेलं शोधायचा उपचार, सोडायचंच ठरवलं होतं. सात महिने एकही खाडा नाही. आठव्या महिन्यात तापाने फणफणले, सकाळीच कळवलं, तरी उपचार करणाऱ्या बाईंनी त्या तासाचे पैसे लावले. त्याच दिवशी हे लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, तोही नाइलाजाने.

नेणीव, गंड, छाया असले या उपचारातले जड शब्द इथे उलगडत बसत नाही. मी गेले कारण तिसरी जिवलग मैत्रीही पहिल्या दोन तुटल्या तशीच तुटली. कुणी न सांगता राबायचं, मनात खतावणी ठेवायची, तोंडाने ‘छे, त्यात काय’ म्हणायचं आणि एक दिवस फोन उचलणं बंद.

उठल्या उठल्या स्वप्नं लिहून ठेवायची वही अगदीच फुकट. तीन महिन्यांची कमाई म्हणजे चुकलेल्या गाड्या आणि न झालेला अभ्यास. (दोष माझाही असेल, अर्धी स्वप्नं दात घासेपर्यंत उडून जायची.)

शब्दांची चाचणी मात्र भारी. मानसोपचारतज्ज्ञ युंगने झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात वापरलेली: १०० शब्द, समोरच्याच्या हातात स्टॉपवॉच, शब्द ऐकला की पहिलं सुचेल ते बोलायचं. मग तीच यादी पुन्हा, आणि मघाचीच उत्तरं आठवून सांगायची. जिथे अडखळतो, किंवा आपलंच उत्तर विसरतो, तिथे काहीतरी दबा धरून बसलेलं असतं. आम्ही मराठी शब्द घेतले. ‘मृत्यू’ला मी पटकन बोलले, ‘आई’लाही. ‘परत’ला सहा सेकंद! शेवटी म्हणाले, ‘कधी?’ आणि दुसऱ्या फेरीत ते ‘कधी’ काही केल्या आठवेना. परत म्हणजे पुन्हा, आणि परत म्हणजे दिलेलं माघारी येणं. माझं सगळं दुखणं त्या तीन अक्षरांत.

तेव्हा वाटलं, सापडलं की! आता पुढचे तास कशाला भरायचे? पण कळून ढिम्म फरक पडला नाही. पुढच्याच आठवड्यात सहकाऱ्याचं काम न मागता अंगावर घेतलं आणि त्याने साधं विचारलंही नाही म्हणून धुमसत बसले.

मग तो ताप. पैशांचं सांगितल्यावर मी काय म्हणाले असेन? ‘छे, त्यात काय.’ घरी येऊन रामराम ठोकायचा मेसेज लिहायला घेतला. बाई ११ मिनिटं उशिरा आल्या ती तारीख, मी लवकर पोचून बाहेर ताटकळले ते दिवस, सगळं ओळीने. सुरुवात होती, ‘माझी तक्रार अशी काही नाही, पण’. मैत्रिणीला लिहून न पाठवलेला मेसेज अजून फोनमध्ये होता. उघडून पाहिला. सुरुवात तीच.

दडपलेलं माणसाला आठवत नाही, तो ते वागून दाखवतो, आणि उपचार करणाऱ्यासमोरही तेच करतो, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१४ साली लिहिलंय. मी ते वाचलं होतं, खाली पेन्सिलने रेघसुद्धा मारली होती. ठरलेला तास रुग्णाचा, तो आला नाही तरी पैसे त्याचेच, हा नियमही त्याच्याच १९१३च्या लेखातला. म्हणजे ही लुबाडणूक शंभर वर्षांहून जुनी आहे.

मेसेज पाठवला नाही. पुढच्या वेळी समोर बसून सांगितलं की हे मला पटलेलं नाही, राग आलाय. आवाज चिरकला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आणखी कशाकशाचा?’ त्यात ५० मिनिटं गेली, त्यांचेही पैसे घेतले.

तीन तारे. तापाच्या दिवसाचे परत केले तर चार.