फ्रेंच इमर्शन की कोअर फ्रेंच? कॅनडातल्या मराठी आईबाबांसाठी

ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडच्या मराठी घरांत मूल चार वर्षांचं झालं की एक विषय निघतोच: इमर्शनला, म्हणजे बरेच विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गाला, घालायचं का? आमच्या घरी दोन्ही झालं. मोठ्याचं नाव सोडतीत निघालं नाही, म्हणून तो इंग्रजी वर्गात गेला आणि कोअर फ्रेंच शिकला. धाकटीचं नाव निघालं. एकाच घरातली दोन मुलं, त्यामुळे तुलना रोज डोळ्यांसमोर असते.

खरा फरक तासांचा आहे. ओंटारिओत कोअर फ्रेंच म्हणजे चौथी ते आठवी, रोज चाळीसेक मिनिटं, आठवीअखेर ६०० तास. इमर्शनमध्ये निदान निम्मं शिक्षण फ्रेंचमधून होतं आणि आठवीपर्यंत ३,८०० तास भरावे लागतात. मधे एक्स्टेंडेड फ्रेंच आहे, १,२६० तासांचं, पण ते सगळीकडे मिळत नाही. कोअरमध्ये फ्रेंच हा एक विषय असतो. इमर्शनमध्ये गणित किंवा विज्ञानच फ्रेंचमधून शिकवतात, त्यामुळे भाषा वापरल्याशिवाय मुलांचं चालतच नाही. आमचा मोठा क्रियापदं बिनचूक चालवतो, पण क्यूबेक सिटीतल्या बेकरीत तो दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीवर आला. धाकटी तिथे पाव मागून, सुटे पैसे मोजून परत आली.

मोजण्यावरून आठवलं. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार-वीस’ म्हणतात. धाकटीने हे आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, आमच्या गावाकडेही आंबे ‘चार विसा’ असेच मोजायचे. त्या दिवसापासून ती शाळेतलं फ्रेंच घरी आणून आजीला सांगते.

बहुतेक आईबाबांना भीती वाटते ती इंग्रजी कच्चं राहण्याची. ही भीती इमर्शनइतकीच जुनी आहे. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजीभाषक पालकांनी शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या मागे लागून पहिला प्रायोगिक वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा पुढची काही वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला मुलं इंग्रजी वाचनात मागे दिसली, इंग्रजी शिकवायला लागल्यावर त्यांनी ते भरून काढलं. आमच्याकडेही हेच झालं. दुसरीत मी घाबरले होते, चौथीत ती ग्रंथालयातून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणू लागली.

आमच्या घरात मागे पडलं ते मराठी वाचन. धाकटी घडाघडा बोलते, पण देवनागरी अक्षर लावत लावत वाचते. इमर्शन घ्यायचं तर शनिवार-रविवारची मराठी आधी ठरवून ठेवा, नंतर वेळ निघत नाही.

इमर्शनचे त्रास खरे आहेत. शाळा दूर पडू शकते, बसचा प्रवास वाढतो, शेजारच्या मित्रांची शाळा वेगळी होते. गृहपाठ आईबाबांना कळत नाही. आम्ही तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतो आणि ‘आता मला मराठीत सांग’ म्हणतो, त्यावर बरंच भागतं. वाचायला-लिहायला अडचण असलेल्या मुलाला लगेच इंग्रजी वर्गात हलवा, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो जसाच्या तसा स्वीकारू नका. मॅकगिलच्याच फ्रेड जेनेसी यांनी दाखवलंय की अशी मुलंही इमर्शनमध्ये शिकू शकतात. मदत कोणती मिळेल, हे आधी विचारा. एक मात्र लक्षात ठेवा: इमर्शनमधून इंग्रजी वर्गात येणं सोपं असतं, उलट जाणं फार कठीण.

तुम्ही नुकतेच पुण्याहून आला असाल आणि मूल तिसरी-चौथीत असेल, तर लवकर सुरू होणाऱ्या इमर्शनचं दार बहुधा बंद झालेलं असतं. ब्रिटिश कोलंबियात सहावीपासून सुरू होणारं लेट इमर्शन आहे, दुसरीकडेही काही बोर्डांत उशिराचे प्रवेश आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ऐकत वाढलेल्या मुलाला ते जड जाईल असं मला वाटत नाही. शिवाय त्या वयात मूल स्वतः हो म्हणतं.

आता जागांबद्दल. ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाच्या शाळा चालवणाऱ्या पील बोर्डाने इमर्शनला पहिलीतल्या २५ टक्के मुलांची मर्यादा घातली आणि सोडत आणली. महाराष्ट्रात ज्यांनी आरटीईच्या २५ टक्क्यांच्या सोडतीची वाट पाहिली आहे, त्यांना ती धाकधूक वेगळी सांगायला नको. कॅनडाच्या हक्कसनदेचं २३ वं कलम फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांना त्यांच्या शाळांचा हक्क देतं, आपल्यासारख्यांना इमर्शनचा नाही. म्हणून हा कार्यक्रम आवळताही येतो, बंदही करता येतो. न्यू ब्रन्सविक प्रांताने २००८ मध्ये पहिलीपासूनचं इमर्शन बंद करायचं ठरवलं. पालक कोर्टात गेले, कोर्टाने निर्णय रद्द केला, तरी सरकारने प्रवेश तिसरीवर नेला. पहिलीचा प्रवेश परत यायला २०१७ उजाडलं. २०२२ च्या अखेरीस तिथेच इमर्शन मोडायचा बेत जाहीर झाला, पण जाहीर सभांमध्ये पालकांनी इतका विरोध केला की तो २०२३ च्या फेब्रुवारीतच मागे घ्यावा लागला.

बोर्डापुढे बोलायला गेलात तर ‘जागा वाढवा’ एवढंच म्हणून थांबू नका. उत्तर ठरलेलं असतं: शिक्षक नाहीत. ते खोटं नाही, कॅनडाच्या अधिकृत भाषांच्या आयुक्तांनी २०१९ मध्ये या टंचाईवरच अहवाल काढला. म्हणून पुढचा प्रश्न तुम्हीच विचारा: किती शिक्षक घेताय, बाहेरच्या प्रांतांतून आणि देशांतून येणाऱ्यांना परवाना लवकर मिळावा म्हणून काय करताय, बस देणार की नाही? मी मोठ्याच्या वेळी हे विचारलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे.

माझं मत विचाराल तर जागा मिळाली आणि बस परवडण्याजोगी असली तर इमर्शन घ्या. नाव लागलं नाही तर प्रतीक्षा यादीतून नाव काढून घेऊ नका. लोक घरं बदलतात, मनं बदलतात, सप्टेंबरमध्ये वर्ग भरल्यावरही एखादी जागा सुटते. तोवर आपल्या वॉर्डाच्या ट्रस्टीला, म्हणजे बोर्डावर निवडून गेलेल्या प्रतिनिधीला, पत्र लिहून ठेवा, मुलाच्या नावासकट.