प्रिन्सेस स्ट्रीटवरचं प्लॅस्टिकचं हृदय: घ्यावं का?

मुंबईत शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान घ्यायचं म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट. पाटीवर शामलदास गांधी मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगावं लागतं. तिथे काचेच्या बरण्या, रसायनं, सांगाडे यांच्या गर्दीत स्टँडवर उभं केलेलं लाल-निळं हृदय दिसतंच. हे परीक्षण त्यातल्या सर्रास मिळणाऱ्या प्रकाराचं आहे: पीव्हीसीचं, खऱ्याच्या दुप्पट आकाराचं, तीन भागांत उघडणारं, आकडे लिहिलेलं आणि सोबत नावांचा कागद.

निकाल आधीच सांगतो. हृदयातले कप्पे दाखवायला ही वस्तू उत्तम. ठोका कसा पडतो, हे दाखवायला जवळजवळ निरुपयोगी. तरीही घ्यावी, पण त्याच आठवड्यात मटणवाल्याकडेही एक फेरी मारावी. ते पुढे येईलच.

पहिली जमेची बाजू म्हणजे भिंती. पुढचा भाग काढा आणि दोन्ही निलयांच्या भिंती चिमटीत धरून बघा. (ज्यांनी शाळेत कर्णिका आणि जवनिका पाठ केल्या, त्यांच्यासाठी: वरचे कप्पे अलिंद, खालचे निलय.) खऱ्या हृदयात डाव्या निलयाची भिंत साधारण १ सेंमी जाड असते, उजव्याची ३ ते ५ मिमी. चांगल्या मॉडेलमध्ये हा फरक बोटांना लगेच कळतो. दोन्ही बाजू रक्त तेवढंच ढकलतात, एका ठोक्याला सुमारे ७० मिली, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. पण उजव्या बाजूला ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच न्यायचं असतं, तिथे पाऱ्याच्या २५ मिमीचा दाब पुरतो. डाव्या बाजूला टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, त्याला १२०चा दाब लागतो. पाणी तेवढंच, पण एक पंप तळमजल्याच्या नळाला आणि दुसरा सातव्या मजल्याच्या टाकीला. स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये दोन्ही भिंती सारख्याच जाड ओतलेल्या असतात. ते तिथेच परत ठेवा.

दुसरी, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा. मॉडेल पाठमोरं करून मोजा. चार हव्यात, दोन उजवीकडून आणि दोन डावीकडून, चारही लाल रंगाच्या. आणि फुप्फुस धमनी निळी. ‘धमनी म्हणजे शुद्ध रक्त, शीर म्हणजे अशुद्ध’ ही घोकंपट्टी इथेच मोडते: हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, आत काय वाहतंय याचा संबंध नाही. निळ्या रंगाचा मात्र खुलासा करावा लागतो. शिरेतलं रक्तही लालच असतं, गडद जांभळट झाक असलेलं लाल. आपल्याकडे शिरेला ‘नीला’ म्हणतात, त्यामुळे मुलांचा गैरसमज आणखी पक्का होतो.

आता तक्रार. झडपा.

या मॉडेलमध्ये चारही झडपा अर्धवट उघड्या ओतलेल्या आहेत. जिवंत हृदयात असा क्षण कधीच येत नाही. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या त्रिदली व द्विदली झडपा उघड्या असतात तेव्हा बाहेर जाणाऱ्या दोन अर्धचंद्राकृती झडपा बंद असतात. निलयं आवळली की उलट. मध्ये सेकंदाचे काही शतांश चारही बंद असतात, पण चारही उघड्या कधी नाहीत. हृदयाचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे, आणि मॉडेल नेमकी तीच चुकीची दाखवतं. सोसायटीचा पंप ज्यांनी दुरुस्त करून घेतला आहे त्यांना हे पटकन कळेल. एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळू लागला की मोटर घरघरत राहते, पाणी खालच्या टाकीत परत येतं आणि वरची टाकी भरत नाही. हृदयाची झडप गळू लागली की तेच होतं, फक्त ही मोटर बंद करता येत नाही. रक्त मागे जातं, तेच पुन्हा ढकलावं लागतं, आणि कप्पा हळूहळू फुगत जातो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने द्विदली झडप अशी खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही दिसतात.

झडपांच्या दोऱ्यांबद्दलही सोबतच्या कागदावर चूक आहे. ‘झडप उघडणाऱ्या दोऱ्या’ असं छापलंय. त्या झडप उघडत नाहीत. झडप उघडते ती रक्ताच्या दाबाने. निलय आवळलं की झडपेची पानं उलटी होऊन अलिंदात जाऊ नयेत म्हणून या दोऱ्या त्यांना खालून धरून ठेवतात. वाऱ्यात छत्री उलटी होताना काड्या जे करू पाहतात, तेच, पण यशस्वीपणे. पेनाने कागद दुरुस्त करून ठेवा.

विजेच्या वाटेचा तर या मॉडेलवर मागमूसही नाही. ती स्वतः काढावी लागते, पिवळा मार्कर चालतो. उजव्या अलिंदात, वरून येणारी मोठी शीर जिथे शिरते त्या कोपऱ्यात एक आडवी रेघ, हा गतिप्रेरक (पेसमेकर), ठोक्याचा विजेचा संदेश इथूनच निघतो. तिथून दोन्ही अलिंदांवर पसरट रेघा. मग दोन अलिंदांमधल्या पडद्याच्या तळाशी एक ठिपका. इथे संदेश सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो, आणि हे रेंगाळणं मुद्दाम आहे: अलिंदांना आपलं रक्त खाली उतरवायला वेळ मिळतो. ठिपक्यापासून एक छोटी रेघ खाली, निलयांमधल्या पडद्याच्या माथ्यावरच तिला दोन फाटे, ते पडद्याच्या दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत, आणि मग दोन्ही भिंतींवरून परत वर. रेघ आधी टोकापर्यंत का जाते, हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. निलयांचे दरवाजे वर आहेत. रस काढायचा आंबा आपण देठाकडून दाबत नाही, खालच्या टोकाकडून दाबत वर नेतो, तसंच. शिवाय हृदयाचे तंतू तिरके गुंडाळलेले असतात, त्यामुळे ते नुसतं दबत नाही, ओल्या पंचासारखं थोडं पिळलंही जातं.

हा गतिप्रेरक मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही. परळच्या केईएममध्ये १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. प्रत्यारोपणात सगळ्या नसा तुटतात, तरी बसवलेलं हृदय स्वतःच्या तालावर चालतं, उलट विश्रांतीत नेहमीपेक्षा जरा वेगानेच, कारण त्याला सावकाश चालायला सांगणारी नसही तुटलेली असते.

ताल दाखवायला मॉडेलची गरजच नाही, टेबल पुरे. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक फेरी ०.८ सेकंदाची. त्यात अलिंदं ०.१ सेकंद आवळतात, मग निलयं ०.३, आणि उरलेले ०.४ सेकंद सगळं सैल. ‘लब्’ हा आतल्या दोन झडपा बंद होताना, ‘डब्’ बाहेरच्या दोन. लब् आणि डबमधलं अंतर लहान, डबनंतरची शांतता मोठी, असं बोटांनी वाजवा. याच शांततेत निलयांचं बहुतेक रक्त आपोआप भरतं, अलिंदं आवळून शेवटचे जेमतेम २०-३० टक्के घालतात. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतूनही डाव्या निलयाला रक्त मुख्यतः याच वेळी मिळतं, कारण आवळलेल्या स्नायूत त्या दबलेल्या असतात. नाडी १२० झाली की फेरी अर्ध्या सेकंदावर येते आणि जास्त कात्री लागते ती या विश्रांतीला.

स्टँडबद्दल एक. त्याच्यावर हृदय देवळातल्या घंटेसारखं सरळ टांगलेलं दिसतं. छातीत ते तिरकं असतं, टोक डावीकडे, खाली आणि पुढे, आणि समोरून दिसतो तो बराचसा उजवा निलय. स्टँडखाली एका बाजूला दोन पाट्या सरकवल्या तरी बराच फरक पडतो.

टिकाऊपणा ठीक. जुलैत आकड्यांची लेबलं सुटतात, त्यामुळे छापील आकड्यांचंच घ्या. भाग जोडणाऱ्या खुंट्या सैल झाल्या तर नळाची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळावी.

आणि आता मटणवाला. ‘अख्खं दिल द्या, चीर देऊ नका, वरच्या नळ्या दोन बोटं ठेवा’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो सवयीने उभं चिरूनच देतो. घरी नळाखाली धरून आतल्या गुठळ्या दाबून काढा. जी नळी पांढरी, जाड आणि सोडली तरी तोंड उघडं ठेवते ती महाधमनी. करंगळी घातली की जाड भिंतीच्या कप्प्यात उतरते. आता डावं अलिंद वरून कापून उघडा, त्यातून खालच्या कप्प्यात पाणी भरा, महाधमनी चिमटीत बंद धरा आणि कप्पा दाबा. द्विदली झडपेची पानं शिडासारखी फुगून वर येतात आणि एकमेकांना घट्ट भिडतात. कात्रीने एका पानाच्या दोऱ्या कापून पुन्हा दाबा, पाणी अलिंदात उसळेल. शेवटी निलयाचं टोक कापा आणि हृदय महाधमनीला धरून उचला, वरून पाणी ओता. तीन खिसे भरतात, बंद होतात, आणि खालून धार येत नाही. थोडं पाणी कडेने झिरपलं तर झडपेचा दोष धरू नका. खिशांच्या वरच हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची तोंडं असतात, ते पाणी तिथून जातं.

तीच तोंडं मॉडेलमध्ये आहेत का, हे दुकानातच टाचणीने तपासा. बहुतेकांत नुसता लाल ठिपका रंगवलेला असतो. दोन्ही ठिकाणी खरं भोक असेल, चार शिरा पूर्ण असतील आणि भिंतींचा फरक चिमटीला लागत असेल, तर शे-दोनशे जास्त गेले तरी तेच मॉडेल उचला.