ताऱ्यांची वयं काढायला शिकवणारा वीकेंड कोर्स: शिकवणं झकास, बाकी सगळं रामभरोसे

आधीच सांगते, मी अकाउंट्समधली बाई, सायन्स दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. हा कोर्स मी माझ्यासाठी लावलाच नव्हता, सासऱ्यांसाठी लावला होता. बाबा पोस्टातून रिटायर झाल्यापासून दरवर्षी विज्ञान दिनाला आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, जाऊन रांगेत उभे राहतात आणि घरी येऊन जेवताना सगळ्यांना कृष्णविवरं समजावतात. तर २०२५ च्या मार्चमध्ये त्यांच्या कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली, तांबड्या राक्षसी ताऱ्यांवरून आकाशगंगेचा इतिहास, दोन दिवस वर्ग आणि पुढच्या शनिवारी रात्रभर आकाशदर्शन, माणशी २२०० रुपये. बाबा म्हणाले सूनबाई तू पण चल, लॅपटॉप आणायला सांगितलाय आणि मला ते जमत नाही. मार्च एंडला मी कोर्स करतेय हे ऑफिसात कोणाला सांगायची सोय नव्हती.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माणसं चांगली आहेत आणि ज्यांना हवं ते शोधतीलच. एवढंच की हा आयुकाचा कोर्स नाही, खाजगी आहे.

पहिली तक्रार जागेची. कर्वे रोडच्या एका गल्लीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हे फॉर्म भरताना कुठेही लिहिलेलं नाही. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत गेलो. प्रोजेक्टर इतका जुना की त्यावर तांबडा तारा पण पिवळट आणि निळा तारा पण पिवळट, आणि सर मात्र मनापासून सांगतायत की रंगातला फरक बघा. चहा पंचवीस माणसांत पंधरा कप.

पण शिकवणं. खरंच सांगते, पहिल्या अर्ध्या तासात मी चहा विसरले.

सरांनी पहिला प्रश्न टाकला की सूर्याचं वय ४.६ अब्ज वर्षं हे कळलं कसं? तर उल्कापाषाणांवरून, ते हातात घेऊन प्रयोगशाळेत मोजता येतात. बाकीच्या ताऱ्यांचा असा दगड कोणाच्या हातात नाही, आणि साधा तारा अब्जावधी वर्षं जवळपास तसाच दिसतो, त्यामुळे नुसतं बघून वय कळत नाही. राक्षसी तारा म्हणजे ज्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय आणि जो आता फुगलाय, आपला सूर्यही साधारण पाच अब्ज वर्षांनी तसा होणार. आता हायड्रोजन संपायला किती वेळ लागतो हे ठरतं वस्तुमानावर, आणि उलटं ठरतं, म्हणजे सूर्याएवढ्या ताऱ्याला साधारण १० अब्ज वर्षं लागतात तर दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याला एक अब्जाच्या आसपासच, कारण मोठा तारा उधळ्या. मग एखादा तारा आत्ता राक्षस झालेला दिसतोय आणि त्याचं वजन कळलं, की तो किती वर्षांपूर्वी जन्मला हे आलंच. एवढं सरळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

वजन करायचं कसं? तर आवाजावरून. ताऱ्याच्या बाहेरच्या थरात सारखी उकळी चालू असते, त्याने अख्खा तारा थरथरतो आणि त्याचा उजेड किंचित कमीजास्त होत राहतो. सूर्याची थरथर साधारण पाच मिनिटांची, राक्षसांची काही तासांची, फारच फुगलेल्यांची तर काही दिवसांची. केपलर या अवकाशातल्या दुर्बिणीने २००९ ते २०१३ अशी चार वर्षं हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या भागाकडे एकटक बघितलं, दीड लाखाच्या वर ताऱ्यांचा उजेड नोंदवत, म्हणून हे जमलं. सरांनी ती थरथर कित्येक पटींनी फास्ट करून आवाज म्हणून ऐकवली, ब्लूटूथ स्पीकर मध्येच बंद पडला ते सोडा, पण लहान राक्षसाचा आवाज आणि मोठ्याचा आवाज यात तबला आणि डग्ग्याएवढा फरक होता. बाबा पटकन म्हणाले, कुंभारवाड्यात माठ घेताना वाजवून बघतो तसं हे. सर म्हणाले काका बरोबर, फक्त माठ वाजवून तडा गेलाय का ते कळतं, इथे माती किती लागलीय तेही कळतं. पुढे त्यांनी दाखवलं की सुरांमधलं अंतर ताऱ्याची सरासरी घनता सांगतं आणि कुठला सूर सगळ्यात जोरात आहे ते पृष्ठावरचं गुरुत्व सांगतं, तापमान वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फोडून दिसणाऱ्या पट्ट्यावरून, माहीत असतंच, म्हणजे दोन समीकरणं, वस्तुमान आणि त्रिज्या ही दोन अज्ञातं. हे आपल्याला दहावीचंच आहे.

नंतर रसायनशास्त्र, आणि इथे शिकवायला आली एक पीएचडी करणारी मुलगी. भन्नाट शिकवते. आधी तिने सांगितलं की खगोलवाले लोक हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यालाच धातू म्हणतात, ऑक्सिजन पण धातू, बाबांना हे अजून पटलेलं नाही. तारा ज्या वायूतून जन्मतो त्यातलं लोखंड, मॅग्नेशियम वगैरे तो जन्मभर घेऊन फिरतो. मॅग्नेशियम, ऑक्सिजन, सिलिकॉन हे मुख्यतः वजनदार तारे फुटून येतात, ते तारे जन्मल्यावर काही दशलक्ष वर्षांत फुटतात. लोखंडाचा मोठा हिस्सा येतो श्वेतबटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवटी उरलेला छोटा घट्ट गाभा, फुटून, आणि त्याला बऱ्याचदा अब्ज वर्षं पण लागतात. म्हणजे जो तारा लवकर, घाईघाईत वाढलेल्या वायूतून जन्मला त्याच्यात लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त. मला हे लगेच कळलं कारण आमच्या भाषेत हा ओपनिंग बॅलन्स आहे, कंपनी कुठल्या घरात सुरू झाली ते त्यावरून कळतं. मी हे मोठ्याने बोलले आणि ती म्हणाली मॅडम हे मी वापरणार पुढच्या बॅचला. वापर बाई, पण चहा वाढव.

मग ती म्हणाली की काही एंट्री मात्र ताऱ्याच्या स्वतःच्या असतात. राक्षस होताना आतला माल ढवळून वर येतो, त्यामुळे पृष्ठभागावर नायट्रोजन वाढतं आणि कार्बन कमी होतो, आणि हे किती होतं ते वजनावर अवलंबून. त्यामुळे ज्यांची थरथर कोणी मोजलेली नाही अशा लाखो ताऱ्यांचं वय पण कार्बन-नायट्रोजनच्या गुणोत्तरावरून अंदाजाने काढतात. आणि हे सगळं वर्णपटातून वाचायचं, तिथे तिने मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण फळ्यावर लिहिलं, कारण रेघ ठळक दिसते म्हणजे ते मूलद्रव्य जास्त आहे असं नाही, तापमानाचा पण हात असतो. सगळ्यात आवडलं ते ताऱ्यांचे वर्णपट टिपणाऱ्या अपोजी सर्वेक्षणाचं. २०११ पासून साधारण दहा वर्षं न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर ॲल्युमिनियमच्या मोठ्या गोल पत्र्यांना प्रत्येक ताऱ्याच्या जागी भोक पाडायचं आणि त्या भोकांत ३०० फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या बारीक वायरी, हाताने, अक्षरशः हाताने खोचायचे. फोटो बघून मला आमच्या रांगोळीचा भोकांचा छापाच आठवला. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात बघायचं कारण आकाशगंगेच्या मधल्या पट्ट्यात धूळ इतकी की साधा उजेड पोचत नाही, आणि राक्षसच का निवडायचे तर ते इतके तेजस्वी की लांबून पण दिसतात.

रविवारी प्रॅक्टिकल. केपलर आणि अपोजी दोन्हींनी बघितलेल्या ६,६७६ ताऱ्यांची २०१८ ची यादी एक्सेलमध्ये दिली होती. आडव्या अक्षावर लोखंड, उभ्यावर मॅग्नेशियम भागिले लोखंड, आणि बघता बघता दोन वेगळे ढग उमटले, एक वरचा एक खालचा. इथे आयटीवाली मुलं पायथन इन्स्टॉल करत बसली होती आणि मी फिल्टर लावून रंग देऊन मोकळी पण झाले, एवढं सांगू दे. वरच्या ढगातले बहुतेक म्हातारे, दहा अब्ज वर्षांच्या आसपासचे, तो आपल्या आकाशगंगेच्या जाड तबकडीचा, म्हणजे ताऱ्यांच्या जाड थराचा, भाग, आणि खालचा ढग पातळ तबकडीचा, त्यात तरुण, मध्यमवयीन सगळे.

पण वरच्या ढगात मला काही तारे दिसले ज्यांचं वय चक्क तीन-चार अब्जच येत होतं. मला वाटलं माझा फॉर्म्युला चुकला. बाबा म्हणाले तूच चुकली असशील, झोप झाली नाही तुझी. ती मुलगी आली, बघितलं आणि खूश झाली, म्हणे हे २०१५ मध्ये खऱ्या संशोधकांना पण असेच खटकले होते. ओपनिंग बॅलन्स जुना आणि वय नवीन, कसं काय? तर बहुधा दोन तारे एकमेकांत मिसळलेत किंवा एकाने दुसऱ्याचा माल ओढून घेतलाय, त्यामुळे वजन वाढलं, आणि आपण वजनावरून वय काढतो म्हणून तो तरुण वाटतो. म्हणजे अमाल्गमेशन! दोन जुन्या कंपन्या एकत्र करून नवीन नाव घेतलं, रजिस्ट्रेशनची तारीख कालची आणि गोडाऊनमधला माल आजोबांच्या काळातला. मी असल्या फायली रोज बघते. या एका गोष्टीसाठी माझे २२०० वसूल झाले, कारण पद्धत कुठे फसते ते त्यांनी लपवलं नाही. वजनात १० टक्के चूक म्हणजे वयात साधारण ३० टक्के, हे पण स्पष्ट सांगितलं.

आता सहल. शनिवार २९ मार्च, अमावास्या, त्यात शनी अमावास्या, दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण, जे भारतातून दिसणार नव्हतं हे मी सासूबाईंना तीनदा सांगितलं. त्यांनी डब्यात दशम्या दिल्या पण बोलल्या नाहीत. बरं झालं दिल्या. स्वारगेटहून चारची बस पावणेसहाला आली, खेड शिवापूरला ट्रॅफिक, नसरापूर फाट्यावर ड्रायव्हर रस्ता विचारतोय, वेल्ह्याकडच्या त्या शेतावर पोचलो तर साडेआठ. पिठलं भाकरी जाहिरातीत होती, प्रत्यक्षात पिठलं होतं. टॉयलेट एक, आणि दिवा नाही, कारण म्हणे डोळे अंधाराला सरावले पाहिजेत.

आकाश मात्र स्वच्छ. पूर्व-ईशान्येला स्वाती वर आलेली, आणि नेमक्या त्याच अंगाला पुण्याचा उजेड पसरलेला, तरी ती नारिंगी ठिणगी लपत नव्हती. स्वाती आपल्यापासून ३७ प्रकाशवर्षांवरचा राक्षस, लोखंड सूर्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे आपण एक्सेलमध्ये रंगवलेल्या त्या जुन्या मंडळींपैकी, डोळ्यांनी दिसणारा. आणि आकाशात तो इतक्या जोरात सरकतो की ज्ञानेश्वरांच्या काळापासून आजपर्यंत जवळजवळ पूर्णचंद्राच्या रुंदीएवढा हलला. बाबा त्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि बाबा गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते. पश्चिमेला रोहिणी, तिच्याजवळ गुरू, रोहिणी पण राक्षसच. अकराच्या पुढे ती डोंगराआड गेली आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने ज्येष्ठा उगवली, लाल. कोणीतरी म्हणालं हा पण म्हातारा का, तर नाही, ज्येष्ठा आणि आर्द्रा हे महाराक्षस, वजनदार आणि उधळे, वय जेमतेम एखाद-दीड कोटी वर्षं. नाव ज्येष्ठा आणि वयाने शेंडेफळ.

सरांनी तिथेच सांगितलं की गाया ही अवकाशातली दुर्बीण दोन दिवसांपूर्वीच, २७ मार्चला, कायमची बंद केली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोडलेली, जवळजवळ दोन अब्ज तारे कुठे आहेत आणि कुठे चाललेत ते मोजणारी. तिच्याच माहितीवरून २०१८ मध्ये कळलं की साधारण दहा अब्ज वर्षांपूर्वी एक छोटी दीर्घिका, म्हणजे दुसरी आकाशगंगाच, आपल्या आकाशगंगेत येऊन आदळली आणि विरघळली, तिचे तारे अजून वेगळ्या चालीवरून आणि वेगळ्या रसायनावरून ओळखू येतात. आपल्याकडे आडनाव ऐकलं की मूळ गाव कुठलं विचारतात तसंच. टेलिस्कोप दोन होते, त्यातल्या एकाचा ट्रॅकर बिघडलेला, म्हणून पंचवीस जणांची रांग एकाच टेलिस्कोपला, आणि पुढे उभे राहून सेल्फी काढणारे दोन महाभाग. तुटलेल्या टेलिस्कोपबद्दल माणशी ३०० परत देऊ म्हणाले होते, अजून आलेले नाहीत.

पहाटे पाचला घरी. सासूबाई गुढीची काठी पुसत बसलेल्या, म्हणाल्या बघितली का आकाशगंगा, आता कडुनिंब निवडा.

शिकवण्याला पाचपैकी पाच, व्यवस्थेला दोन आणि तेही पिठल्यामुळे. गुडघे दुखत असतील तर जिन्याचं आधी विचारा, स्वेटर आणि स्वतःचा डबा न्या, लॅपटॉपवर एक्सेल असलं तरी पुरतं. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲप करा.