आधी ‘लागिरं’ लावायची की ‘देवमाणूस’?

पुण्या-मुंबईला गेलेली आमच्याकडची पोरं हल्ली विचारतात, साताऱ्याच्या मातीतल्या दोन्ही मालिका झी५वर आहेत, तर सुरुवात कुठून करू? दोन्ही सुरू झाल्या त्या रात्री मी घरच्यांबरोबर टीव्हीसमोर होतो, आणि गेल्या रविवारी दोन्हींचे पहिले भाग पाठोपाठ पुन्हा पाहिले. माझं मत ठाम आहे: आधी ‘लागिरं झालं जी’.

ती १ मे २०१७ला, संध्याकाळी सातला सुरू झाली. आमच्या घरात ती भाकरीची वेळ. आई परातीत पीठ मळत होती. टीव्हीतलं बोलणं कानावर पडलं तशी ती पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “ही आपल्यातलीच हायत की!” तोवर मालिकांतलं गावाकडचं बोलणं म्हणजे शहरी वाक्याला मागून एक ‘व्हय’ जोडलेला असायचा. इथं हेल आपला होता, वाक्य कुठं तोडायचं तेही आपलं होतं. नावाचंच बघा. लागिर म्हणजे बाहेरची बाधा. प्रेमात पडलेल्या पोराला ‘लागिर झालंय’ म्हणणं हे आमच्या आज्यांचंच बोलणं.

आणि नायक अज्याचं फौजेचं वेड. साताऱ्याबाहेरच्या माणसाला ते कथेपुरतं वाटेल. इथं तसं नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान गेले. गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ उगाच लागलेलं नाही. पहाटे कुठल्याही गावाच्या रस्त्यावर भरतीतल्या सोळाशे मीटर धावण्याच्या तयारीला पळणारी पोरं दिसतात. माझा चुलतभाऊ दोन भरत्यांत मागं पडला. ही मालिका बघताना तो कधी काही बोलायचा नाही, पण सातच्या आधी घरी यायचा.

‘देवमाणूस’ची गोष्ट वेगळी. ३१ ऑगस्ट २०२०, कोरोनाचे दिवस, रात्री साडेदहा. घराघरांत डॉक्टर हा शब्द देवासारखा घेतला जात होता आणि समोर गावानं देव मानलेला बोगस डॉक्टर. २०१६ साली वाईजवळच्या धोमचं, डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसावर खुनांचा आरोप झालेलं प्रकरण उघड झालं तेव्हा आम्ही सगळे हादरलो होतो. मालिका आली आणि चौकाचौकात तोच विषय पुन्हा निघाला. इथं गुन्हेगार कोण हे शोधायचं नसतं. आपल्याला कळलेलं असतं, गावाला नसतं, आणि जीव टांगणीला लागतो तो त्यामुळंच. पकड म्हणाल तर हीच जास्त घट्ट. ‘लागिरं’ला रुळायला चार-पाच भाग द्यावे लागतात, ‘देवमाणूस’ लगेच धरून ठेवते. लांबीलाही कमी: ही वर्षभरात आटोपली, ती दोन वर्षांहून जास्त चालली आणि उत्तरार्धात माझ्या मते ताणली गेली.

मग तरीही आधी ‘लागिरं’ का? किरण गायकवाडसाठी. दोन्ही मालिका श्वेता शिंदेंच्या वज्र प्रॉडक्शनच्या, आणि दोन्हींत तो आहे. ‘लागिरं’मधला त्याचा भैय्यासाहेब रुबाबात वावरतो, तो आल्यावर बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. तोच माणूस डॉक्टर होऊन खालच्या पट्टीत, समोरच्याला अहो-जाहो करत बोलतो, हसतो तेव्हा ओठ हसतात आणि डोळे जागचे हलत नाहीत. भैय्यासाहेब आधी पाहिला असेल तरच या बदलाची किंमत कळते. उलट क्रमानं पाहिलंत, तर भैय्यासाहेबाच्या प्रत्येक हसण्यात तुम्हाला डॉक्टर दिसेल आणि ‘लागिरं’ची मजा जाईल.

घरात लहान मुलं असतील तर प्रश्नच नाही. ‘लागिरं’मधली नितीश चव्हाण आणि शिवानी बावकरची जोडी सगळ्यांसोबत बसून बघता येते. ‘देवमाणूस’ मुलं झोपल्यावरच लावा. एकटेच बघणार असाल, हाती थोडेच दिवस असतील आणि खुनाखुनीचं वावडं नसेल, तर मात्र थेट ‘देवमाणूस’ घ्या, मी अडवणार नाही.

आजी सोबत असेल तर तिला ‘देवमाणूस’मधल्या सरू आजीच्या म्हणी ऐकवाच. आमच्या आजीनं त्यातल्या निम्म्या आधीच पूर्ण केल्या होत्या.