नेरूळमधलं रो-हाऊस: सोलर नंतर, आधी गच्ची आणि पश्चिमेची भिंत बघा

जुनं रो-हाऊस पाडून नवीन बांधलं, त्यात पावसाळा आणि एप्रिल-मे दोन्ही काढून झाले म्हणून आता रिव्ह्यू टाकतेय, वास्तुशांतीच्या दिवशी काय सगळीच घरं मस्त वाटतात. कॉन्ट्रॅक्टरचं नाव देत नाहीये, काम कसं झालं ते सांगते.

येणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो, सोलर किती किलोवॅटचं? अहो सोलर शेवटी! जुन्या घरात वरच्या खोलीत रात्री अकरालासुद्धा स्लॅब गरम लागायचा आणि एसी नुसता घरघरत राहायचा. यावेळी गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून वर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) घातला, पश्चिमेची भिंत एएसी ब्लॉकची (हलके, आत हवेची छिद्रं असलेले सिमेंटचे ब्लॉक), त्या बाजूला खिडक्या लहान आणि वर खोल छज्जा. फरक खरंच जाणवतो, एसी 26 वर ठेवला तरी पुरतो आणि मध्यरात्रीनंतर बरेचदा बंदच करतो. पंखे सगळे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले, साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, हे 30-35 मध्ये भागवतात, आणि आपल्याकडे पंखे काय वर्षभर चालूच. युनिट कमी झाले की महावितरणच्या बिलातला महागडा दराचा टप्पाही टळतो, 300 च्या पुढच्या युनिटचा रेट बघा एकदा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

म्हणूनच सोलर 3 किलोवॅटमध्ये भागलं. सोलरवाला 5 चं गळ्यात मारत होता. पीएम सूर्यघरची (केंद्र सरकारची घरगुती सोलरची योजना) सबसिडी तशीही 3 किलोवॅटला 78,000 आणि त्याच्या वर कितीही लावा, तेवढीच, शिवाय पॅनल आणि त्यातले सोलर सेल भारतात बनलेलेच लागतात. पैसे आधी पूर्ण भरायचे, सबसिडी नंतर खात्यात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. चांगल्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरा, जुलै-ऑगस्टमध्ये आकाशच दिसत नाही तेव्हा ही अपेक्षा सोडा. आणि हो, लाइट गेली की सोलरही बंद!! बॅटरी नसलेल्या सिस्टिमला ते बंद व्हावंच लागतं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. विकताना हे कोणी आपणहून सांगत नाही.

आता तक्रार. ब्लॉकची भिंत जिथे कॉलमला भिडते तिथे प्लास्टरच्या आत जाळी मारावी लागते, आमच्या कॉन्ट्रॅक्टरने एका बाजूला ती खाल्ली आणि पहिल्याच पावसात बारीक चिरा, मग ओल. फोन उचलायला पण नखरे, शेवटी आमच्या ह्यांनी जाऊन ठाण मांडलं तेव्हा कुठे गवंडी आला. गच्चीचं काम मात्र एक नंबर, पाणी कुठेच साचत नाही. त्यामुळे 5 पैकी साडेतीन, गच्चीसाठी पूर्ण 5.

टाकी पॅनलच्या दक्षिणेला ठेवू देऊ नका, एका पॅनलवर सावली पडली तरी पूर्ण ओळीची वीज घटू शकते. स्ट्रक्चर उंच करून घ्या, खाली कपडे वाळतात. आणि कबुतरांसाठी कडेने जाळी कोटेशनमध्येच लिहून घ्या, नंतर त्याचे वेगळे पैसे लावतात.