रिझॉल्व्हमधलं कॉन्फॉर्म: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कापलेलं काम एक्सएमएलनं (कटांची यादी असलेली फाइल) डाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ग्रेड करायचं, म्हणजे रंग-उजेड नीट करायचा, असा गेल्या काही महिन्यांचा वापर आहे. ग्रेडिंगवर पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून इथे फक्त कॉन्फॉर्मबद्दल, म्हणजे एडिटरचे कट मूळ फुटेजशी पुन्हा नेमके जुळवण्याबद्दल. साधनं भक्कम आहेत. मात्र 'मीडिया ऑफलाइन' (फुटेज मिळत नाही) ही एकच लाल पाटी तीन वेगळ्या दुखण्यांना लागते आणि आधी दुखणं ओळखल्याशिवाय रीलिंक (क्लिपला तिची फाइल पुन्हा दाखवणं) करत बसण्यात अर्थ नाही.

मीडिया पूलमधली (प्रोजेक्टमध्ये घेतलेलं फुटेज जिथे दिसतं ती जागा) क्लिपही लाल असेल, तर ड्राइव्हचं किंवा फोल्डरचं नाव बदललेलं असतं. 'रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स' घ्या, वरचं फोल्डर दाखवा, काम झालं.

पूलमध्ये क्लिप नीट चालते आणि टाइमलाइनवर मात्र लाल, इथे खरा वेळ जातो. एडिट इंडेक्समध्ये (कटांच्या यादीत) त्या कटचे सोर्स इन आणि सोर्स आउट (मूळ फाइलमधली सुरुवात आणि शेवट) बघा आणि पूलमधल्या क्लिपच्या स्टार्ट-एंड टाइमकोडशी (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) ताडून पाहा. कट मागतोय १०:१४:२२:०५ आणि फाइल सुरू होतेय ००:००:००:०० ला, तर ट्रान्सकोड करताना (फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलताना) टाइमकोड गळला आहे. क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये मूळ फाइलचा स्टार्ट टाइमकोड भरला की जुळतं. पण फाइल कटच्या आधीच संपत असेल, तर तेवढं फुटेज त्या फाइलमध्ये नाहीच. हँडल्स (कटच्या दोन्ही बाजूंचं जादा फुटेज) न ठेवता ट्रान्सकोड झालाय, मूळ कॅमेरा कार्डाच्या कॉपीकडे जा. प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेटही मीडिया आत घेण्याआधीच ठरवा, कारण नंतर तो बदलता येत नाही. २३.९७६ च्या कामाला २४ राहून गेलं, तर नवा प्रोजेक्ट उघडणंच बरं.

तिसरं दुखणं कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीचं. विंडोजवर मोफत आवृत्ती १०-बिट ४:२:२ एच.२६५ उघडत नाही. लिंक बरोबर असूनही क्लिप ऑफलाइनच दिसते. अशा फाइल्स त्याच नावानं, टाइमकोड राखून डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या कोडेकमध्ये काढा. एक्सएमएल आणताना आपोआप मीडिया आयात करण्याची खूण काढा आणि 'जुळवताना फाइल एक्स्टेन्शन दुर्लक्षित करा' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे एमपी४ च्या जागी एमओव्ही चालते.

सगळ्यात जास्त भीती लाल न झालेल्या चुकीच्या शॉटची वाटते. दोन कार्डांवर सी०००१ नावाची फाइल असली आणि दोन्ही शून्यापासून सुरू होत असल्या, की दुसऱ्याच कार्डाचा शॉट बिनबोभाट जागेवर बसतो. त्यामुळे एडिटरकडून फाइलचं नाव आणि टाइमकोड चित्रावरच बर्न केलेला (छापलेला) रेफरन्स रेंडर मागून घ्याच. तो ऑफलाइन रेफरन्स क्लिप म्हणून आणून टाइमलाइनला जोडा आणि कलर पेजवर वाइप लावून (दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर अर्धी-अर्धी) एकेक कट तपासा. चुकीचा शॉट सापडला, तर पूलमधली बरोबर क्लिप निवडून टाइमलाइनवरच्या क्लिपला तिच्याशी कॉन्फॉर्म लॉक करा. ही तपासणी पहिला नोड (ग्रेडचा एक टप्पा) टाकण्याआधी व्हायला हवी, नाहीतर बरोबर शॉट आल्यावर चुकीच्या शॉटसाठी केलेली ग्रेड त्याच्यावर तशीच राहते.